नॉर्म नसलेली ग्रँडमास्टर

(द्वितीय वर्ष, कला)

'ग्रँडमास्टर' या शब्दाला मराठीत अद्याप रुळलेला प्रतिशब्द नाही. 'महागुरू' म्हणावे तर भोंदू बाबाची आठवण होते आणि 'बुद्धिबळमहर्षी' म्हणावे तर दाढी डोळ्यांसमोर उभी राहते. २०२५ च्या जुलै अखेरीस नागपूरची दिव्या देशमुख ग्रँडमास्टर झाल्याची बातमी सर्व वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आली, तेव्हा आमच्या वर्गात 'म्हणजे नेमके काय झाली?' या प्रश्नाला तीन निरनिराळी उत्तरे मिळाली. एकीच्या मते ती जगज्जेती झाली. दुसऱ्याच्या मते पद्मश्रीसारखी काहीतरी सरकारी पदवी मिळाली. तिसरा म्हणाला, ही एक परीक्षा असते व ती त्या परीक्षेत पास झाली. तिन्ही उत्तरे चुकीची असली तरी तिसरे त्यातल्या त्यात सत्याच्या जवळ जाते. गंमत अशी की, दिव्या देशमुख ती परीक्षा न देताच पास झाली आहे! हे कसे घडले ते समजावून सांगावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रथम परीक्षेविषयी. बुद्धिबळाची जागतिक संघटना म्हणजे 'फिडे'. तिने १९५० साली जगातील २७ खेळाडूंना ग्रँडमास्टर हा किताब प्रथम दिला. हा किताब बी.ए.च्या पदवीसारखा आहे. एकदा मिळाला की पुढे माणूस कितीही वाईट खेळो, तो जन्मभर ग्रँडमास्टरच राहतो. आपल्या देशाला पहिला ग्रँडमास्टर मिळण्यास १९८८ साल उजाडावे लागले. ते विश्वनाथन आनंद. त्यानंतर तीन वर्षांनी कलकत्त्याचे दिब्येंदू बारुआ आणि १९९७ मध्ये मुंबईचे प्रवीण ठिपसे. म्हणजे ज्या देशात हा खेळ जन्मला असे आपण अभिमानाने सांगतो, त्या देशात पहिल्या दहा वर्षांत मोजून तीन! आता चित्र पार पालटले आहे. दिव्या ही भारताची ८८ वी ग्रँडमास्टर आहे.

हा किताब मिळविण्यास दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे रेटिंग. आर्पाद एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक होते. खेळाडूची ताकद आकड्यात मोजण्याची त्यांची पद्धत फिडेने १९७० साली स्वीकारली. पद्धतीचा गाभा अगदी साधा आहे. दोन खेळाडूंच्या आकड्यांत २०० चा फरक असेल तर वरच्याने चार डावांत साधारण तीन गुण मिळवावेत, अशी अपेक्षा असते. अपेक्षेपेक्षा जास्त मिळविले तर आकडा वाढतो, कमी मिळविले तर घटतो. दुबळ्याला हरवून फारसे काही पदरात पडत नाही. बलवानाशी बरोबरी केली तरी चार दाणे मिळतात. मला ही पद्धत फार न्याय्य वाटते. आपल्या परीक्षांत पेपर सोपा निघाला काय नि अवघड निघाला काय, गुण मात्र सारखेच मोजतात. ग्रँडमास्टर होण्यासाठी हा आकडा एकदा तरी २५०० पर्यंत पोचावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नॉर्म. नुसते रेटिंग पुरत नाही, कारण एखादा खेळाडू गावातल्या गावात जिंकून आकडा फुगवू शकेल. म्हणून एखाद्या मोठ्या स्पर्धेत, साधारणतः नऊ डावांत, २६०० रेटिंगच्या खेळाडूला शोभेल अशी कामगिरी करून दाखवावी लागते. समोरच्या खेळाडूंत किमान तीन ग्रँडमास्टर हवेत आणि परदेशी खेळाडूही हवेत. अशी कामगिरी एका स्पर्धेत केली की एक नॉर्म. सामान्यतः असे तीन नॉर्म लागतात.

हे गणित मी कागदावर करून पाहिले. समजा, नऊ प्रतिस्पर्ध्यांची सरासरी २४५० आहे. नऊपैकी साडेसहा गुण मिळाले तर कामगिरी २६१६ भरते, नॉर्म मिळाला. सहा गुण मिळाले तर २५७५ भरते; नॉर्म गेला. मधला फरक फक्त अर्ध्या गुणाचा, म्हणजे एखाद्या जिंकत आलेल्या डावात बरोबरी पत्करावी लागली एवढाच. आठ दिवस चांगले खेळून नवव्या दिवशी हे घडते. मग पुन्हा नवी स्पर्धा, पुन्हा प्रवास, पुन्हा प्रवेश फी. कित्येक चांगले खेळाडू दोन नॉर्मवर वर्षानुवर्षे अडकून पडतात. आपल्याकडे एका विषयात राहिलेला मुलगा जसा दर ऑक्टोबरला फॉर्म भरतो, तसेच हे आहे.

आता ही मुलगी कोण ते पाहू.

दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा, नागपूरचा. आईवडील दोघेही डॉक्टर. थोरली बहीण बॅडमिंटन खेळायला जाई, तिच्यामागे ही पाच वर्षांची दिव्याही गेली. परंतु चण एवढीशी की जाळ्यापर्यंत हात पोचेना. त्याच ठिकाणी बुद्धिबळाचाही वर्ग चाले. तिला तिकडे बसविण्यात आले. जाळे थोडे खाली असते तर आज भारताला एक ग्रँडमास्टर कमी आणि एक बॅडमिंटनपटू अधिक मिळाली असती, असे म्हणायला हरकत नाही! नागपूरचे राहुल जोशी हे तिचे सुरुवातीचे प्रशिक्षक. त्यांचे २०२० साली, चाळिशीतच निधन झाले. शिष्येचे पुढचे यश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पुढची वाटचाल मी भराभर सांगते, कारण स्पर्धांची जंत्री वाचण्यात कोणालाच रस नसतो. सात वर्षांखालील मुलींत २०१२ साली ती देशात पहिली आली. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे दहा वर्षांखालील आणि २०१७ मध्ये ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील मुलींत ती जगात पहिली आली. २०२१ मध्ये 'महिला ग्रँडमास्टर' झाली. २०२२ मध्ये राष्ट्रीय महिला विजेतेपद, २०२३ मध्ये कझाकस्तानातील अल्माटी येथे आशियाई महिला विजेतेपद व त्याच वर्षी 'इंटरनॅशनल मास्टर' हा किताब. २०२४ मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेत एकही डाव न हरता अकरापैकी दहा गुण. त्याच वर्षी सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या मुलींनी सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तिसऱ्या पटावर अकरापैकी साडेनऊ गुण मिळवून तिने वैयक्तिक सुवर्णपदकही घेतले. या संघाचे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते, ही गोष्ट आपल्या वर्तमानपत्रांनी एका ओळीत उरकली म्हणून येथे मुद्दाम नोंदविते.

चाणाक्ष वाचकाने एक गोष्ट हेरली असेल. २०२१ मध्येच ती 'महिला ग्रँडमास्टर' झाली होती, तर २०२५ मध्ये पुन्हा ग्रँडमास्टर कशी? येथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. महिला ग्रँडमास्टर हा वेगळा, फक्त स्त्रियांसाठी असलेला किताब आहे. त्याला २३०० रेटिंग आणि २४०० च्या कामगिरीचे नॉर्म लागतात. म्हणजे दोन्हीकडे २०० ची सूट. नुसता 'ग्रँडमास्टर' हा किताब मात्र स्त्री-पुरुष दोघांना एकच. त्यात सूट नाही. तो आजवर जगात दोन हजारांच्या आसपास लोकांना मिळाला असून त्यात स्त्रिया पन्नासही नाहीत. भारतात दिव्याच्या आधी तीनच. कोनेरू हंपी २००२ साली, द्रोणवल्ली हरिका २०११ साली आणि नंतर चेन्नईची वैशाली.

ही सवलत असावी की नसावी, यावर बुद्धिबळाच्या जगात मोठा वाद आहे. हंगेरीची ज्युडिट पोल्गार स्त्रियांच्या स्पर्धांच्या वाटेलाच फारशी गेली नाही आणि १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी थेट ग्रँडमास्टर झाली. त्यामुळे सवलतीने स्त्रियांची महत्त्वाकांक्षाच खुंटते, असे पुष्कळजण म्हणतात. हा युक्तिवाद मला ऐकून-ऐकून पाठ आहे. एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाल्यापासून आमच्या गाडीतही तो रोज ऐकू येतो. 'बरोबरी पाहिजे ना, मग पुरं तिकीट काढा' असे कोणी तरी म्हणतेच. आमच्या गावाहून भडगावला रोज येणाऱ्या आम्ही सात मुली आहोत. त्यांपैकी दोघींचे शिक्षण या अर्ध्या तिकिटावर टिकले आहे, हे मला ठाऊक आहे. ज्युडिटला तिच्या वडिलांनी घरीच शिकवून तयार केले होते. तिला सवलतीची गरज नव्हती. जिला आहे तिने ती घ्यावी आणि पुढे जावे. दिव्याने तेच केले. २०० ची सूट असलेला किताब आधी घेतला आणि सूट नसलेला नंतर.

परंतु दिव्याच्या बऱ्याच आधी महाराष्ट्रात या प्रश्नाला एका मुलीने तोंड फोडले होते. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तिन्ही कन्या, वासंती, जयश्री व रोहिणी, बुद्धिबळपटू. १९७४ मध्ये देशात प्रथमच स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. १९७९ मध्ये 'महिला इंटरनॅशनल मास्टर' हा किताब मिळविणारी पहिली भारतीय स्त्री जयश्री. धाकटी रोहिणी या दोघींच्या वरताण. १९७६ साली अवघ्या तेराव्या वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास बसली. तोपर्यंत कोणी स्त्री त्या स्पर्धेत खेळली नव्हती. मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी फिडेचे अध्यक्ष व माजी जगज्जेते माक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेती झाली. ज्या दाराने आज दिव्या सहज आत जाते, ते उघडण्यासाठी एका शाळकरी मुलीमुळे कोर्टाची पायरी चढावी लागली होती! आमच्या पिढीला हे नाव ठाऊक नाही. माझ्या वर्गात मी विचारले तेव्हा कोणालाही सांगता आले नाही.

आता बाटुमीकडे वळू. काळ्या समुद्राच्या काठी जॉर्जिया नावाचा चिमुकला देश आहे, त्यातले हे शहर. ग्रँडमास्टर किताब मिळविणारी जगातील पहिली स्त्री नोना गाप्रिंदाश्विली याच देशाची. तिला तो १९७८ मध्ये मिळाला. २०२५ च्या जुलै महिन्यात येथे महिला विश्वचषक स्पर्धा झाली. १०७ खेळाडू होत्या. स्पर्धेची रीत आमच्या कबड्डीच्या सामन्यांसारखी; हरला तो घरी गेला. दोन दीर्घ डाव, त्यांत बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी जलद डाव. दिव्याचे मानांकन होते १५ वे, रेटिंग २५०० च्या खाली आणि नॉर्म एकही नाही. मात्र एक नियम होता. ही स्पर्धा जिंकणारीला ग्रँडमास्टर किताब थेट मिळणार होता. नॉर्म नको, काही नको. तथापि १५ व्या मानांकनाच्या मुलीने या नियमाकडे पाहावे म्हणजे आमच्यासारख्याने थेट कुलगुरूंच्या खुर्चीकडे पाहण्यापैकीच होते.

चौथ्या फेरीत तिच्यापुढे चीनची झू जिनर आली. तिचे मानांकन दुसरे. दीर्घ डावांत बरोबरी, जलद डावांत दिव्या विजयी. उपान्त्यपूर्व फेरीत आपलीच हरिका, दिव्यापेक्षा वयाने नि अनुभवाने कितीतरी मोठी. पुन्हा दीर्घ डावांत बरोबरी आणि जलद दोन्ही डाव दिव्याने घेतले. (या फेरीत पोचलेल्या आठ जणींत चार भारतीय होत्या, हेही लक्षात घ्यावे.) उपान्त्य फेरीत चीनची टॅन झोंगयी, माजी जगज्जेती. पहिला डाव बरोबरीत सुटला आणि दुसरा चालला १०१ चाली! मी तो डाव नंतर मोबाइलवर एकेक चाल पुढे सरकवीत पाहिला. मला त्यातले निम्मेही कळले नाही, हे खरे. पण एवढे कळले की दोघींनाही जिंकण्याची संधी आली आणि गेली, आणि शेवटी जिची बैठक मोडली नाही ती जिंकली. आपल्याकडे 'बैठक' हा शब्द पहिलवान आणि गवई दोघांसाठी वापरतात. तिसरे नाव बुद्धिबळपटूचे घालावयास हवे.

अंतिम सामना कोनेरू हंपीशी. हा योग एखाद्या कादंबरीकाराने जुळविला असता तर आपण त्याला नावे ठेवली असती. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. म्हणजे दिव्या ज्या किताबासाठी खेळत होती, तो समोरच्या बाईंकडे दिव्याच्या वयाहून अधिक काळ होता. जुलैच्या २६ व २७ तारखांना झालेले दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. २८ तारखेला जलद डाव. प्रत्येकीला १५ मिनिटे आणि दर चालीमागे १० सेकंद जादा. आता जलद डावांत हंपी दोनदा जगज्जेती, २०१९ आणि २०२४ मध्ये. जाणकारांचे पारडे साहजिकच तिच्याकडे झुकले. पहिला जलद डाव पुन्हा बरोबरीत! दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. काळ्याकडून खेळणे म्हणजे उलट्या वाऱ्याने सायकल हाणणे. एक चाल आधीच मागे. पण घड्याळ जसजसे उतरत गेले तसतशा हंपीच्या हातून चुका होऊ लागल्या. चुका दिव्याकडूनही झाल्या. अखेरच्या प्याद्यांच्या झुंजीत मात्र हंपीची चूक शेवटची ठरली. तिने डाव सोडला. हात मिळविल्यानंतर दिव्याला रडू आवरेना. आई तेथे होती. तिच्या गळ्यात पडून ती रडली. वय वर्षे १९.

त्या दिवशी आम्हीही एकोणीसच्या होतो.

जिंकल्यानंतर ती म्हणाली ते असे, की हा किताब असाच मिळावा हे बहुधा विधिलिखित असावे, कारण स्पर्धेपूर्वी आपल्याजवळ एकही नॉर्म नव्हता. मला हे बोलणे आवडले. तिने पराक्रमाचा ढोल वाजविला नाही. शिवाय ते अक्षरशः खरे होते. तीन नॉर्मचा रस्ता तिने तुडविलाच नाही. तिने एकाच ठिकाणी कडा चढून शिखर गाठले. हे सोपे की अवघड? नॉर्मसाठी नऊ डावांत एखादा हरला तरी चालतो. येथे एक सामना हरला की संपले.

यशाच्या या कथेत एक कटू प्रकरण आहे. ते गाळले तर लेख गोड होईल, पण खोटा होईल. २०२४ च्या जानेवारीत हॉलंडमधील वाइक आन झे येथील प्रसिद्ध स्पर्धेत ती खेळली. अठरा वर्षांची होती. स्पर्धेनंतर तिने इन्स्टाग्रामवर जाहीरपणे लिहिले, की प्रेक्षक आपल्या चालींविषयी बोलत नाहीत. कपडे, केस, उच्चार यांवरच बोलत बसतात आणि पुरुष खेळाडूंच्या बाबतीत असे होत नाही. स्त्रियांना कमी लेखणे हे मुलींना रोज सोसावे लागते, हेही तिने लिहिले. काहींनी तिला पाठिंबा दिला, काहींनी 'प्रसिद्धीसाठी' म्हणून हिणविले. मला येथे फार काही जोडण्याची गरज वाटत नाही. ज्या मुलीने आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात व्यासपीठावर उभे राहून दोन वाक्ये बोलून पाहिली असतील, तिला हे चटकन कळेल. आणि ज्यांना कळणार नाही ते मागच्या रांगेत बसलेले असतात.

आता एक अवघड गोष्ट. दिव्याचे कौतुक करताना वर्तमानपत्रे 'परिश्रमाला पर्याय नाही' असे छापतात. परिश्रम तिने केलेच. ते कोण नाकारील? पण तिचे आईवडील डॉक्टर होते, आणि मुलीबरोबर देशोदेशी जाणारी आई होती, हे सांगितल्यावाचून तिची गोष्ट सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. वर नॉर्मची अट सांगितली, ती पुन्हा पाहावी. तीन ग्रँडमास्टर हवेत, परदेशी खेळाडू हवेत. अशा स्पर्धा भडगावात भरत नाहीत. त्या बहुतेक युरोपात भरतात. म्हणजे विमानाचे भाडे, राहणे, प्रशिक्षकाची फी, आणि हे सर्व जिंकण्याची कोणतीही हमी नसताना, वर्षानुवर्षे. आमच्या घरी कपाशीचे पीक हाती आल्यावर दुकानदाराची उधारी फेडून जे उरते त्यात माझी फी बसते. ती बसली हेच आमच्या घराण्यात प्रथम घडत आहे. मी आजीला दिव्याची गोष्ट सांगितली तेव्हा तिने सर्व शांतपणे ऐकून घेऊन विचारले, "बठी-बठीसन पैसा भेटस का वं?" मी म्हटले, भेटस. विश्वचषकाचे पहिले बक्षीस ५० हजार डॉलर होते आणि पुढे राज्य शासनाने तिला तीन कोटी रुपये दिले. आजीने दोनदा कोटीचा आकडा विचारून घेतला. मग म्हणाली, तिच्या आईला शेतात जावे लागत नसेल. आजी कधी शाळेत गेली नाही, पण फिडेचा नियम तिला वर्तमानपत्रांपेक्षा लवकर कळला.

याचा अर्थ आपल्या भागात कोणी खेळू नये, असा नव्हे. उलट एक बाब आमच्या बाजूची आहे. क्रिकेटला मैदान लागते, पोहण्याला तलाव लागतो. बुद्धिबळाला ३२ सोंगट्या आणि ६४ घरे पुरतात. आता तर मोबाइलवर जगातल्या कोणाशीही फुकट खेळता येते आणि रेटिंगही मिळते, जरी ते फिडेचे नसले तरी. अडचण वेगळीच आहे. आमच्याकडे पारावर जुनी माणसे अजून देशी नियमांनी खेळतात. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. त्यांच्याकडून खेळ शिकलेला मुलगा जळगावच्या स्पर्धेत जाऊन बसला की समोरच्याचे प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे उडी मारते आणि याला वाटते, हा लबाडी करतो आहे! त्यातून भांडण झाल्याचे मी ऐकले आहे. आणखी एक. पारावर मुली बसत नाहीत. त्यामुळे मुलींना ना देशी येते ना विलायती. मी स्वतः शिकले ती बारावीनंतरच्या सुटीत, मामेभावाच्या मोबाइलवर. आणि अजूनही घोड्याची चाल पाहण्यासाठी बोटाने अडीच घरे मोजते.

बाटुमीनंतरचे थोडेसे सांगायचे राहिले. २०२५ च्या सप्टेंबरात उझबेकिस्तानातील समरकंद येथे ग्रँड स्विस स्पर्धा झाली. तेथे स्त्रियांचा वेगळा विभाग होता. दिव्या त्यात न खेळता खुल्या विभागात पुरुषांबरोबर खेळली. जगज्जेता गुकेश याला तिने बरोबरीत रोखले, इजिप्तच्या बासेम अमीनला हरविले, आणि एकूण अकरापैकी पाच गुण मिळविले. रोहिणी खाडिलकरच्या त्या स्पर्धेला तेव्हा एकोणपन्नास वर्षे झाली होती. यावेळी कोणी न्यायालयात गेले नाही. नोव्हेंबरात गोव्यात खुला विश्वचषक झाला, त्यात खास निमंत्रणावरून खेळणारी ती एकमेव स्त्री होती. पहिल्याच फेरीत ग्रीसच्या खेळाडूकडून दोन्ही डाव हरून ती बाहेर पडली. ही बातमी मात्र आमच्या वाचनालयातल्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, तीन ओळींची होती.

आमच्या जिमखान्याच्या कपाटात बुद्धिबळाचे दोन पट आहेत. एका पटातला काळा उंट हरवला असून त्याच्या जागी खडूचा तुकडा निळ्या शाईने रंगवून ठेवला आहे. दुसरा पूर्ण आहे. मधल्या सुटीत तो मागितला की मिळतो. नोंदवहीत सही करावी लागते. गेल्या जूनपासूनची वही मी चाळली. तीत मुलींच्या सह्या चार आहेत. त्यांपैकी तीन माझ्या.